लॉकडाऊनमधली ४९४ ऑपरेशन्स

हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळत होता. कोविडवर लिहून लिहून लोक दमले, वाचणारे त्याहून दमले, आणि आता तर तो काळ आठवायचाही कंटाळा येतो. (मलाही येतो. थाळ्या वाजवणं, डालगोना कॉफी, म्यूटवर बोलत बसलेला मॅनेजर... असो.) पण त्या काळातला एक निर्णय असा आहे की तो गोंगाटात हरवून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्यात हिरोगिरी कमी आणि हिशेब जास्त आहे. म्हणूनच बहुधा मला आवडतो.

प्रश्न सांगायला सोपा आहे. मार्च २०२०. एक नवा विषाणू पसरतोय. लस नाही, औषध नाही, टेस्टिंग किट मोजकेच. आणि तुमच्या वॉर्डात एक बाई आहे, तिच्या पोटातली गाठ पुढच्या मंगळवारी काढायची ठरलंय. ऑपरेशन केलं आणि तिला त्याच आठवड्यात कोविड झाला तर ती दगावू शकते. नाही केलं तर गाठ काही लॉकडाऊन पाळत नाही. काय करायचं?

आधीच्या साथींमध्ये याचं उत्तर शोधायला गेलो तर फारसं हाती लागत नाही. १९१८ चा इन्फ्लुएंझा मुंबईत जून महिन्यात आला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकेका दिवसात शेकड्यांनी माणसं गेली. पण तेव्हा मुंबईत कॅन्सरसाठी वेगळं हॉस्पिटलच नव्हतं. तारखा लागलेल्या, रांगेत असलेल्या कॅन्सर पेशंट्सचं काय करायचं, हा प्रश्न पडायला आधी तशी रांग असावी लागते. २००३ मध्ये सार्स आला तेव्हा मात्र टोरांटोमध्ये ती होती. तिथल्या सरकारने मार्चच्या शेवटी हॉस्पिटलांना तातडीची नसलेली कामं थांबवायला लावली. पण सार्स काही महिन्यांत आटोक्यात आला, आणि धडा मिळाला तो एवढाच, की विषाणू हॉस्पिटलांतूनच पसरतो, तेव्हा हॉस्पिटलं शांत ठेवा.

म्हणजे २०२० मध्ये जगाकडे एकच तयार उपाय होता: थांबा.

आणि सुरुवातीला जी आकडेवारी आली तिनेही हेच सांगितलं. वुहानमधल्या चार हॉस्पिटलांमध्ये जानेवारी-फेब्रुवारी २०२० मध्ये ३४ जणांची ठरलेली ऑपरेशन्स झाली होती. त्यांच्या शरीरात विषाणू आधीच शिरला होता, फक्त लक्षणं दिसायची बाकी होती. ३४ पैकी १५ जणांना आयसीयूत न्यावं लागलं, ७ जण गेले. फेब्रुवारीतच चीनमधून आणखी एक छोटा अभ्यास आला होता, १५९० कोविड पेशंट्सचा. त्यात कॅन्सरचे फक्त १८ होते, पण त्यांची अवस्था इतरांपेक्षा जास्त बिघडली होती. सल्ला असा, की ज्यांचा कॅन्सर स्थिर आहे त्यांचं ऑपरेशन पुढे ढकलण्याचा विचार करा.

अठरा माणसं! आमच्याकडे अठरा युजर्सच्या डेटावर कोणी बटणाचा रंगही बदलू देणार नाही. पण त्या महिन्यात जगाकडे तेवढंच होतं. नंतर २४ देशांतल्या २३५ हॉस्पिटलांचा एकत्र अभ्यास मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झालेले ११२८ पेशंट, त्यातले २३.८ टक्के तीस दिवसांत गेले. जवळजवळ चारातला एक. हा आकडा वाचून कुठल्या सर्जनचा हात धजावेल?

जगाने मग तेच केलं जे आपण दिवाळीच्या सेलच्या आधी प्रॉडक्शनवर करतो. फ्रीझ. बारा आठवड्यांच्या त्या काळात जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख ठरलेली ऑपरेशन्स रद्द होतील किंवा पुढे जातील असा अंदाज बांधला गेला. त्यात सुमारे २३ लाख कॅन्सरची.

फ्रीझची गंमत आपल्या धंद्यातल्या कुणालाही माहीत असते. डिप्लॉयमेंट थांबते, बग थांबत नाहीत. ते आत बसून वाढतात. फक्त त्या काळात काही बिघडलं तर ते 'आपण केलेल्या बदलामुळे' बिघडलेलं नसतं, त्यामुळे बोट आपल्याकडे येत नाही. ऑपरेशननंतर पेशंट कोविडने गेला तर त्याची नोंद होते, चौकशी होते, पेपरात येतं. ऑपरेशन न झाल्यामुळे दीड वर्षाने गावाकडे कोणी गेलं तर ती नोंद होते 'कॅन्सरने मृत्यू'. बस.

आता परळला येऊया.

टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या, त्यांची आठवण त्यामागे आहे. पुढे १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. हा तपशील अशासाठी सांगतोय, की टाटा हे नुसतं मुंबईचं हॉस्पिटल नाही. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, ईशान्येकडची राज्यं, आणि आपले विदर्भ-मराठवाडा, कुठून कुठून माणसं तिथे येतात. परळच्या फुटपाथवर फायली उशाशी घेऊन झोपलेले लोक तुम्ही पाहिले असतीलच. नशीब असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते. अशा माणसाला 'तीन महिन्यांनी या' म्हणणं म्हणजे काय, याचा नीट विचार करा. तो परत जाईल कसा? आणि गेला तर परत येईल कसा?

२२ मार्चच्या रात्रीपासून लोकल बंद. २५ मार्चपासून देश बंद. दिल्लीतलं सरकारी कॅन्सर इन्स्टिट्यूट एप्रिलच्या सुरुवातीलाच स्टाफला लागण झाल्याने बंद ठेवावं लागलं. मुंबईतही मोठी खाजगी हॉस्पिटलं सील झाल्याच्या बातम्या येत होत्या. म्हणजे 'चालू ठेवू' म्हणण्यातला धोका कागदावरचा नव्हता. एक चूक, आणि अख्खं हॉस्पिटल बंद.

टाटाने चालू ठेवायचं ठरवलं. तिथले डॉ. सी. एस. प्रमेश आणि डॉ. राजेंद्र बडवे यांनी एप्रिल २०२० मध्येच 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये भारतातल्या या पेचाबद्दल लिहिलं. आणि डॉ. शैलेश श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी पुढे 'अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी'मध्ये सगळा हिशेबच मांडला: २३ मार्च ते ३० एप्रिल २०२०, म्हणजे बरोब्बर ३९ दिवस, ४९४ ठरलेली ऑपरेशन्स. ऑपरेशननंतरचे मृत्यू: शून्य. मोठी गुंतागुंत झालेले: ५.६ टक्के. ऑपरेशननंतर कोविड पॉझिटिव्ह आढळलेले: ६. सहाही जण बरे झाले, एकालाही आयसीयू लागलं नाही.

आता इथे जरा थांबा, कारण सगळी गंमत (आणि सगळी चूक) इथेच होते. लॅन्सेटमध्ये चारातला एक जातोय आणि परळमध्ये चारशे चौऱ्याण्णवांत एकही नाही. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. भागिले काय आहे ते बघा. लॅन्सेटच्या आकड्यात खाली आहेत फक्त ते पेशंट ज्यांना कोविड झाला. परळच्या आकड्यात खाली आहेत ऑपरेशन झालेले सगळे. पहिला आकडा सांगतो 'लागण झालीच तर काय होईल'. पण पेशंटचा प्रश्न असतो 'माझं ऑपरेशन केलं तर काय होईल', आणि त्यासाठी मध्ये आणखी एक आकडा लागतो: लागण होण्याची शक्यता. परळमध्ये ती ४९४ मध्ये ६, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. त्या सहाजणांना लॅन्सेटचा दर लावला तरी हिशेबाने दीड माणूस दगावायला हवा. प्रत्यक्षात शून्य. थोडं नशीब, थोडी निवड, पण चमत्कार नाही. बारावीच्या संभाव्यतेच्या धड्यातली गोष्ट आहे. फक्त बारावीत पेपर चुकला तर मार्क जातात.

आणि एकदा गणित असं मांडलं की काम कुठे करायचं ते दिसतं. लागण झाल्यावर काय होतं ते त्या वेळी कुणाच्या हातात नव्हतं. लागण होऊ न देणं मात्र बऱ्याच अंशी हातात होतं.

ते कसं करायचं? जगभरातली जी हॉस्पिटलं चालू राहिली त्यांनी जे केलं ते बघितलं तर त्यात रॉकेट सायन्स काहीच नाही.

एक, निवड. कोणाचं थांबू शकतं आणि कोणाचं नाही याची यादी. इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्येच पायऱ्या ठरल्या: चोवीस तासांत, बहात्तर तासांत, चार आठवड्यांत, आणि दहा ते बारा आठवडे थांबलं तरी चालेल असे. परळच्या ४९४ जणांचं मधलं वय ४८ होतं, साठीच्या पुढचे फक्त १३ टक्के. म्हणजे तरुण आणि बऱ्यापैकी धडधाकट पेशंट. शून्य मृत्यूंचं काही श्रेय या वयालाही आहे, हे विसरून चालणार नाही.

दोन, गाळणी. ४९४ पैकी फक्त ११७ जणांची ऑपरेशनआधी कोविड चाचणी झालेली होती, ३७७ जणांची नाही, कारण तेव्हा चाचण्या सहज मिळतच नव्हत्या. म्हणजे भर होता तो चौकशीवर. ताप आहे का, खोकला आहे का, कुठून आलात, घरात कोणी आजारी आहे का. साधे प्रश्न, पण प्रत्येकाला, प्रत्येक वेळी. (यात एक मेख आहे: सगळ्यांची चाचणी नाही म्हणजे लक्षणं नसलेले काहीजण सुटलेही असू शकतील. तरी मृत्यू लपत नाहीत, आणि ते शून्य होते.)

तीन, वेगळेपणा. कोविडचे पेशंट आणि ऑपरेशनचे पेशंट यांचा वॉर्ड, लिफ्ट, आयसीयू, स्टाफ, शक्य तेवढं सगळं वेगळं. भेटायला येणारे बंद. स्टाफच्या आलटून पालटून तुकड्या, म्हणजे एका तुकडीत लागण झाली तरी दुसरी उभी राहील. आपण त्याला रिडन्डन्सी म्हणतो आणि पगार घेतो, त्यांनी ते बेस्टच्या बसमधून उभ्याने येऊन केलं.

चार, ओटीतली शिस्त. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायची असते, तेव्हा पेशंटच्या घशातली हवा सगळ्यात जास्त बाहेर उडते. त्या वेळी आत फक्त भूलतज्ज्ञ आणि मदतनीस, बाकी सगळे बाहेर. खोलीतली हवा बदलेपर्यंत थांबायचं, मग सर्जन आत. आणि आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर किती, हे गुटख्याच्या कृपेने वेगळं सांगायला नको. जिथे विषाणू राहतो नेमक्या त्याच जागी तासनतास हात घालून काम करायचं, तेही पीपीई किटच्या आत घामाने निथळत, चष्म्यावर वाफ धरलेली. मी एसीत बसून कीबोर्ड बडवतो, मला यावर शहाणपण सांगायचा अधिकार नाही, म्हणून पुढे जातो.

उलट बाजूचा हिशेब, म्हणजे थांबण्याची किंमत, नोव्हेंबर २०२० मध्ये 'बीएमजे'त आली. सात प्रकारचे कॅन्सर, ३४ अभ्यास, साडेबारा लाखांहून जास्त पेशंट. ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. (म्हणजे शंभरातले सहा जास्त जातात असं नाही. आधीचा जो धोका आहे त्याच्या सहा ते आठ टक्के जास्त. दहा असेल तर साधारण पावणेअकरा.) एकट्यासाठी छोटी वाढ. पण २३ लाखांना गुणा.

माझ्या आत्याचं उदाहरण सांगतो. तिला त्याच उन्हाळ्यात स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. तिच्या शहरातल्या हॉस्पिटलने तारीख दिली, मग फोन करून काढून घेतली, आणि पुढची कधी ते सांगितलंच नाही. आते भाऊ रोज फोन लावायचा. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट नीट बघून सांगितलं, "ताई, तुमची गाठ हार्मोनवर वाढणारी आहे. ऑपरेशन होईपर्यंत या गोळ्या घ्या, थोडं थांबलं तरी चालेल. पण तारीख मात्र आजच घेऊन ठेवू." आत्याचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं, आज ती ठणठणीत आहे आणि माझ्या वजनावर बोलते. दोन्ही ठिकाणी तिला थांबायलाच सांगितलं होतं. पण एका थांबण्यात तिच्याबद्दल विचार केलेला होता आणि दुसऱ्यात नव्हता. 'पुढे ढकलणं' हा निर्णय असू शकतो, आणि निर्णय न घेणंही असू शकतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

पुढच्या दीड वर्षात जो डेटा आला त्याने परळच्या अंदाजाला बळच दिलं. मिलानमध्ये काही कॅन्सर हॉस्पिटलं 'हब' म्हणून वेगळी ठेवली गेली होती, लंडनमध्ये रॉयल मार्सडेनभोवती तसंच जाळं उभं राहिलं. ऑक्टोबर २०२० मध्ये ५५ देशांतल्या ९१७१ कॅन्सर ऑपरेशन्सचा अभ्यास आला. जिथे ओटी, आयसीयू आणि वॉर्ड कोविडपासून पूर्ण वेगळे होते तिथे फुप्फुसांची गुंतागुंत २.२ टक्के, जिथे नव्हते तिथे ४.९. निम्म्याहून कमी. आणि अशी वेगळी वाट मिळालेले पेशंट किती? जेमतेम २७ टक्के. मार्च २०२१ मध्ये १ लाख ४० हजार पेशंट्सच्या अभ्यासातून आणखी एक आकडा मिळाला: कोविड होऊन गेल्यावर शक्य असेल तर सात आठवडे थांबा, मग ऑपरेशनचा धोका पूर्वपदावर येतो. म्हणजे 'थांबा' हा सल्लाही शेवटी मोजून मापून मिळाला. अनिश्चित काळासाठी नाही, कोविड होऊन गेलेल्यांसाठी, सात आठवडे.

इथे लेख संपवला असता तर छान आनंदी शेवट झाला असता. पण एक आकडा राहिलाय, आणि तोच मला जास्त छळतो.

भारतातल्या ४१ कॅन्सर सेंटर्सनी १ मार्च ते ३१ मे २०२० ची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी केली. मोठी ऑपरेशन्स १७,१२० वरून ८,६७७ वर आली. निम्मी. पण त्याहून वाईट म्हणजे नवीन पेशंटची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली. ५४ टक्के घट, आणि मोठ्या शहरांत घट जास्त. कॅन्सर काही त्या वर्षी निम्म्या लोकांना झाला नव्हता. साठ हजार माणसं कुठेतरी घरीच बसली होती, गाठीवर हात ठेवून. गाड्या बंद होत्या, पास मिळत नव्हता, खिशात पैसे नव्हते, आणि हॉस्पिटल या शब्दाचीच भीती बसली होती.

सर्व्हर शंभर टक्के चालू आहे, एरर रेट शून्य आहे, डॅशबोर्ड हिरवागार आहे. आणि रिक्वेस्ट येतच नाहीत, कारण मधला रस्ता तुटलाय. आपल्याला असा हिरवा डॅशबोर्ड बघितला की धडकी भरते. ऑपरेशन सुरक्षित करण्याचं गणित परळने सोडवलं, जगाने पडताळलं. ओटीच्या दारापर्यंत पोचण्याचं गणित मात्र कुणी हातातच घेतलं नाही. ६१ देशांच्या एका अभ्यासात, जो २०२१ मध्ये आला, कडक लॉकडाऊन असलेल्या काळात ऑपरेशन ठरलेल्या सातातल्या एका पेशंटचं ऑपरेशन झालंच नाही. निर्बंध हलके होते तिथे हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी.

मी लॉकडाऊनच्या विरोधात लिहीत नाहीये. तेव्हा काय माहीत होतं आणि आता काय माहीत आहे यात फरक आहे, आणि मागे वळून शहाणं होणं सोपं असतं. पण पुढच्या वेळी (पुढची वेळ येणार, यावर साथींचा अभ्यास करणाऱ्यांत फारसं दुमत नाही) 'सगळं थांबवा'चं बटण दाबण्याआधी दोन याद्या तयार असाव्यात एवढंच. काय चालू राहील याची एक, आणि तिथपर्यंत माणूस कसा पोचेल याची दुसरी. पहिली यादी करणारे लोक आपल्याकडे आहेत, ते २०२० च्या एप्रिलमध्ये दिसलं. दुसरी अजून कोरीच आहे, आणि ती नुसत्या डॉक्टरांनी भरून भागणार नाही. बस, रेल्वे, पास, धर्मशाळा, फोनवर उत्तर देणारा एक माणूस, असल्या बिनग्लॅमरच्या गोष्टींची यादी आहे ती. खरं तर आपल्यासारख्यांचंच काम.

चला, चहा गार झाला. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं.